फिश नॉर्मल आली, पण टीपी५३ बिघडलेला निघाला: अण्णांच्या सीएलएलचा अनुभव

अण्णांना ल्युकेमिया आहे हे कळलं ते मोतीबिंदूमुळे. २०१९ मधली गोष्ट. डोळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी शुगर आणि सीबीसी करून आणा म्हणून सांगितलं, आम्हाला सगळी धाकधूक शुगरची होती आणि शुगर निघाली एकदम झकास, पण पांढऱ्या पेशी ३८ हजार. लॅबवाल्याला वाटलं मशीनने घोळ घातला, त्याने परत रक्त घेतलं, परत तेच. मग पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्वतः काचपट्टी बघितली आणि रिपोर्टवर खाली लिहिलं की लिम्फोसाइट्स फार आहेत, स्मज सेल्स दिसतायत, फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणांवरून त्या ओळखायची टेस्ट) करून घ्या. स्मज सेल्स म्हणजे पट्टीवर रक्त पसरताना फुटून चपट्या झालेल्या पेशी, या आजारात पेशी नाजूक असतात म्हणून हमखास दिसतात.

फ्लोमध्ये सीडी५, सीडी१९, सीडी२३ सगळे पॉझिटिव्ह, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, सीएलएल. पाश्चात्त्य देशांत मोठ्या माणसांमध्ये हा ल्युकेमिया सगळ्यात जास्त दिसतो, आपल्याकडे त्यामानाने कमी, त्यामुळे सांगलीत कुणाला विचारावं तर ज्याला त्याला दुसऱ्याच ल्युकेमियाचं काहीतरी माहीत असायचं. ब्लड कॅन्सर हा शब्द ऐकून आत्या पहिल्या एसटीने आली ती दारातूनच रडत आली. आणि इकडे डॉक्टर म्हणतायत की आत्ता काहीच करायचं नाही! गाठी नाहीत, प्लीहा वाढलेली नाही, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स उत्तम, म्हणजे राय स्टेज शून्य. (हे राय म्हणजे डॉ. कांती राय, आपले भारतीय, अमेरिकेत जाऊन काम केलं, त्यांनी १९७५ मध्ये ही स्टेजची पद्धत बसवली, अजून जगभर वापरतात.) दर तीन महिन्यांनी सीबीसी करायचं आणि बघायचं, बस. अण्णांनी मोतीबिंदू काढून घेतला, नवा चष्मा केला आणि परत गच्चीवरच्या कुंड्यांकडे लागले. आईला मात्र हे वॉच अँड वेट कधीच पटलं नाही, कॅन्सर आहे म्हणता आणि औषध देत नाही म्हणजे काय, असं ती प्रत्येक वेळी रिक्षात बसल्यावर म्हणायची.

तेव्हाच एकदा फिश टेस्ट झाली होती. यात पेशीच्या क्रोमोसोमवर ठरावीक जागी चिकटणारे रंगीत ठिपके टाकतात आणि मायक्रोस्कोपखाली मोजतात. नॉर्मल पेशीत प्रत्येक जागेचे दोन ठिपके, एक आईकडचा एक वडिलांकडचा. एखादा तुकडा गळाला असेल तर एकच. अण्णांच्या रिपोर्टमध्ये १३क्यू डिलीशन आलं, म्हणजे १३ व्या क्रोमोसोमच्या लांब बाजूचा तुकडा गळालेला, बाकी ११क्यू, १२ आणि १७पी नॉर्मल. डॉक्टर खूश, म्हणाले हा सगळ्यात चांगला गट. मला तेव्हा गंमत वाटली की क्रोमोसोमचा तुकडा गळालाय आणि चांगलं काय त्यात. नंतर वाचलं तेव्हा कळलं की १३क्यू१४ च्या त्या तुकड्यावर मिर-१५ए आणि मिर-१६-१ नावाचे दोन बारके आरएनए असतात, ते बीसीएल२ या प्रोटीनला आवरून धरतात. बीसीएल२ मोकाट सुटलं की पेशी मरायचं नावच घेत नाही. त्या तुकड्याबरोबर हे आरएनए गळतात हे २००२ मध्ये सापडलं, बीसीएल२ शी त्यांचं नातं २००५ मध्ये. म्हणजे तो तुकडा गाठी दाबून ठेवणारा, ट्युमर सप्रेसरच, फक्त तो गेला तरी आजार सावकाश चालतो.

तर अशी चार वर्षं निघाली. २०२३ च्या पावसाळ्यात अण्णांच्या मानेत आणि काखेत गाठी हाताला लागायला लागल्या, रात्री घामाने बनियन भिजायचं, वजन उतरलं, हिमोग्लोबिन ९.२ आणि पांढऱ्या पेशी १ लाख १० हजार. पोटाच्या सोनोग्राफीत प्लीहा मोठी. एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाखवलं, तिथे सांगितलं आता ट्रीटमेंटची वेळ आली, बेंडामस्टिन ही केमो आणि सोबत रिटुक्सिमॅब देऊ, महिन्याला एकदा, सहा वेळा. १३क्यू आहे ना, मग उत्तम रिस्पॉन्स येईल. अ‍ॅडमिशनची तारीख पण ठरली, मी बँकेत रजा टाकली.

दादाच्या एका ओळखीच्या डॉक्टरने म्हटलं सुरू करायच्या आधी पुण्यात एका हिमॅटॉलॉजिस्टला फक्त फाइल दाखवा. दाखवली. मॅडमनी फाइल चाळली आणि पहिला प्रश्न, ही फिश कधीची? २०१९ ची. मग म्हणाल्या, ही आता जुनी झाली, आणि टीपी५३ चं सिक्वेन्सिंग कुठाय? आम्ही एकमेकांकडे बघतोय. दादा म्हणाला फिशमध्ये १७पी नॉर्मल आहे की. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला वाटतं प्रत्येक सीएलएलवाल्या घरात माहीत पाहिजे, म्हणूनच हे सगळं टाइप करत बसलेय.

टीपी५३ हा जीन १७ व्या क्रोमोसोमच्या आखूड बाजूवर असतो, त्या बाजूला १७पी म्हणतात. तो दोन प्रकारे जाऊ शकतो. एक, अख्खा तुकडाच गळतो, ते फिशमध्ये दिसतं कारण ठिपकाच नाहीसा होतो. दोन, जीन जागेवरच असतो पण आत एखादं अक्षर बदललेलं असतं. ठिपके दोनच्या दोन दिसणार, रिपोर्ट नॉर्मल येणार, आणि जीन बिघडलेला. ते फक्त सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे जीनचं अक्षर न् अक्षर वाचल्यावर कळतं. बऱ्याच जणांत दोन्ही एकदम असतं, एका बाजूचा तुकडा गेलेला आणि उरलेल्या बाजूत म्युटेशन, पण काही जणांत नुसतं म्युटेशन असतं. शिवाय आजार बदलत जातो, चार वर्षांपूर्वी नव्हतं ते आता असू शकतं, म्हणून प्रत्येक नवीन ट्रीटमेंटच्या आधी दोन्ही टेस्ट परत करायच्या. आणि बेंडामस्टिन पुढच्या आठवड्यात आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, रिपोर्ट येईपर्यंत थांबा, काका काही दिवसांत कोसळणार नाहीत, पण चुकीचं औषध गेलं तर परत घेता येत नाही.

सॅम्पलचं सांगते. हिरव्या टोपणाची नळी फिशसाठी, जांभळ्या टोपणाची सिक्वेन्सिंगसाठी, सॅम्पल मुंबईच्या लॅबला जाणार. बर्फात घालायचं नाही, आणि शनिवारी द्यायचं नाही कारण रविवारी कुरियरमध्ये पडून राहतं, हे त्या रक्त काढणाऱ्या मुलाने सांगितलं, फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. अण्णांच्या रक्तातच इतक्या पेशी होत्या की बोन मॅरो काढावा लागला नाही, हाताच्या शिरेतून काम झालं. फॉर्मवर नुसतं सीएलएल फिश पॅनल लिहून पाठवतात बरेचदा, टीपी५३ म्युटेशन अ‍ॅनालिसिस वेगळं लिहायला लागतं, तेवढं बघून घ्या. पैसेही वेगळे पडतात.

फिश आधी आली. २०० पेशी मोजलेल्या, १३क्यू होतंच, आता जास्त पेशींमध्ये, आणि १७पी नॉर्मल. आईने देवापुढे साखर ठेवली. दादाने मेसेज टाकला की बघ, उगाच थांबवलं, करून टाकू सुरू. मी म्हटलं दुसरा रिपोर्ट येऊ दे. आला. टीपी५३ मध्ये म्युटेशन, आर२७३एच, व्हीएएफ २२ टक्के.

आता हे आर२७३एच म्हणजे काय. टीपी५३ पासून जे प्रोटीन बनतं, पी५३, त्यात ३९३ अमिनो अ‍ॅसिडं एकापुढे एक गुंफलेली असतात. २७३ व्या जागी आर्जिनिन पाहिजे, तिथे हिस्टिडिन आलंय. एवढंच. पण ही २७३ वी जागा अशी आहे की तिथेच हे प्रोटीन डीएनएला प्रत्यक्ष धरतं. पकडच सुटली तर पुढचं काम कसलं होणार. जगभरच्या कॅन्सरमध्ये टीपी५३ च्या ज्या मोजक्या जागा सारख्या सारख्या बिघडलेल्या सापडतात त्यातली ही एक आहे. आणि व्हीएएफ २२ टक्के म्हणजे सॅम्पलमधल्या त्या जीनच्या जेवढ्या प्रती वाचल्या त्यातल्या २२ टक्क्यांत हा बदल दिसला.

मॅडमनी अण्णांना समोर बसवून समजावलं, मराठीत आणि न घाबरवता. पी५३ पेशीच्या डीएनएवर लक्ष ठेवतं, काही तुटलं फाटलं की पेशीची वाढ थांबवतं, दुरुस्ती होत असेल तर होऊ देतं, नाहीतर पेशीला मरायला लावतं. बेंडामस्टिन, फ्लुडाराबिन ही केमोची औषधं काय करतात तर मुद्दाम डीएनए फोडतात, आणि पुढचं मारायचं काम पी५३ वर सोडतात. अण्णा आयुष्यभर एमएसईबीत वायरमन. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मॅडम, किटकॅटमध्ये फ्यूज वायरच्या जागी कुणीतरी जाड तार गुंडाळलीय. तुम्ही कितीबी शॉर्ट करा, फ्यूज काय उडत नाही, वायरिंग जळत राहणार." मॅडम हसल्या, म्हणाल्या काका, मी हे आता दुसऱ्या पेशंटना सांगणार. आणि केमो दिली असती तर? चांगल्या पेशी मेल्या असत्या, सीएलएलच्या साध्या पेशी पण मेल्या असत्या, आणि बिघडलेल्या पी५३ वाल्या तेवढ्या मागे राहून त्यांनाच मोकळं रान मिळालं असतं.

दादाने एक चांगली शंका काढली. जीनच्या दोन प्रती असतात, फिशमध्ये दोन्ही जागेवर आहेत, मग एक बिघडली तरी दुसरी काम करेल ना? शंका बरोबर आहे, १९७१ मध्ये नुडसन नावाच्या शास्त्रज्ञाने लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरवरून हेच मांडलं होतं, दोन्ही प्रती गेल्या की मगच गडबड. पण पी५३ थोडं वेगळं आहे. ते एकटं काम करत नाही, चार प्रोटीनं एकत्र येऊन एक जुडगं होतं तेव्हा ते चालतं. त्या चारात एखाद-दुसरं बिघडलेलं घुसलं की अख्खं जुडगंच अधू होतं. त्यामुळे एक प्रत शाबूत असली तरी फार उपयोग होत नाही.

रात्री मी मोबाइलवर वाचत बसले आणि वाचायला नको होतं ते वाचलं. २००० साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी ३२५ सीएलएल पेशंटचा अभ्यास छापला, फिशवरून गट पाडलेले, नुसतं १३क्यू गळालेल्यांचं मीडियन आयुष्य (निम्मे पेशंट तेवढे तरी जगले) १३३ महिने आणि १७पी गळालेल्यांचं ३२ महिने. हे आकडे इंटरनेटवर सगळीकडे आहेत आणि कुणी तारीख बघत नाही. सकाळी मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, ते सगळे केमोच्या जमान्यातले. इब्रुटिनिब ही गोळी २०१४ मध्ये अमेरिकेत सीएलएलसाठी मंजूर झाली तिथून हिशोबच बदलला. तिकडच्या एनआयएच या सरकारी संस्थेचा २०२० चा एक अभ्यास आहे, टीपी५३ बिघडलेले ३४ पेशंट, ज्यांना पहिलं औषधच इब्रुटिनिब दिलं, ६ वर्षांनी अंदाजे ७९ टक्के जिवंत. छोटा अभ्यास आहे, पण ३२ महिने आणि हे, फरक बघा. टीपी५३ वाल्यांचं बाकीच्यांपेक्षा थोडं कमीच चालतं, लवकर उलटायची शक्यता जास्त असते, हे पण त्यांनी लपवलं नाही.

गोळी का चालते तर ती डीएनएच्या वाटेला जातच नाही. सीएलएलची पेशी ही बी सेल, तिला जगत राहा, वाढत राहा असा जो निरोप बाहेरून मिळत असतो तो बीटीके नावाच्या एन्झाइममधून आत जातो. गोळी बीटीके बंद करते. पी५३ ची गरजच नाही.

दोन पर्याय दिले, इब्रुटिनिब आणि अकालाब्रुटिनिब. २०२१ मध्ये दोन्हींची समोरासमोर ट्रायल झाली, हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण अकालाब्रुटिनिबमध्ये ९.४ टक्के आणि इब्रुटिनिबमध्ये १६. म्हणजे अकालाब्रुटिनिब जास्त सोसणारी. पण गोळी चालतेय तोपर्यंत रोज घ्यायची, वर्षानुवर्षं, आणि पेन्शनवर चालणाऱ्या घराला आकडा बघावाच लागतो. अण्णांचा ईसीजी, टू डी एको चांगला होता, बीपी नाही, म्हणून इब्रुटिनिबचं इंडियन जेनेरिक ठरलं, १४० च्या तीन कॅप्सूल रोज एकाच वेळी.

सुरू केल्यावर पहिल्या सीबीसीत पांढऱ्या पेशी १ लाख १० हजाराच्या १ लाख ६० हजार! आम्हाला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी त्याच दिवशी गोळ्या बंद करायला लावल्या असत्या. गाठींमध्ये दडून बसलेल्या पेशी गोळीमुळे सुटून रक्तात येतात, म्हणून आकडा वर जातो, तो मग सावकाश महिनोन्महिने उतरतो. गाठी मात्र भराभर विरल्या, पहिल्या महिन्यातच शर्टाचं वरचं बटण लागायला लागलं. घाम थांबला. हिमोग्लोबिन हळूहळू ११ च्या वर.

त्रास काय झाला तर हातावर निळे डाग, कुठे जरा आपटलं की डाग. अण्णा कुणीतरी सांगितलं म्हणून बरीच वर्षं इकोस्प्रिन (अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारी गोळी) घेत होते, ती मॅडमनी बंद केली, दोन्ही मिळून रक्तस्राव होऊ शकतो. दाढ काढायची होती तर आधी तीन दिवस आणि नंतर तीन दिवस गोळी थांबवली, डेंटिस्टला चिठ्ठी लिहून दिली, तो आधी हात लावायला तयार नव्हता. ग्रेपफ्रूट खायचं नाही असं लिहिलेलं, आपल्याकडे ग्रेपफ्रूट कोण खातंय, पण गणपतीत आत्याने कोकणातून पपनस आणलं होतं, आईने विचारलं हे चालेल का तर तेही नको म्हणाल्या, दोन्हींमुळे आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम मंदावतं आणि गोळीचं प्रमाण रक्तात वाढतं. गुळवेलीचा काढा बंद. कोविडच्या काळात असे काढे घेऊन लिव्हर बिघडलेले पेशंट मुंबईत सापडले होते. हे काढ्याचं शेजारच्या काकूंना समजावणं सगळ्यात अवघड गेलं, त्या अजून रागावलेल्या आहेत.

दादाला दुसरी भीती, जीनचा प्रॉब्लेम आहे म्हणजे आपल्याला आणि मुलांना येणार का. मॅडम म्हणाल्या हा बदल अण्णांच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये नंतर झालेला आहे, जन्मापासून अंगातल्या प्रत्येक पेशीत असता तर व्हीएएफ साधारण ५० च्या आसपास दिसला असता आणि घराण्यात कमी वयातले वेगवेगळे कॅन्सर दिसले असते. सीएलएल जवळच्या नातेवाइकांत थोडा जास्त आढळतो हे खरं, पण तरीही बहुतेकांना होत नाही, तुम्ही तपासण्या करत सुटू नका. दादाने तरी सीबीसी करून घेतलं. नॉर्मल.

वाचता वाचता मला या पी५३ चाच नाद लागला. १९७९ मध्ये सापडलं आणि पुढची दहाएक वर्षं सगळे त्याला कॅन्सर करणारं समजत होते, कारण प्रयोगात वापरलेले नमुने नेमके बिघडलेल्या जीनचे होते! १९८९ च्या सुमारास उलगडा झाला की धड असलेलं पी५३ कॅन्सर रोखतं. आणि २०१५ मध्ये कळलं की माणसात हा जीन एक जोडी असतो तर हत्तीत त्याच्या सुमारे २० जोड्या असतात, एवढं मोठं धूड असून हत्तींना कॅन्सर कमी होतो त्याचं हे एक कारण असावं. हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, मग शंकराने डोकं बरोबर बघून बसवलं होतं की.

इन्शुरन्सचं लिहायलाच पाहिजे. क्लेम फेटाळला, कारण काय तर पेशंट अ‍ॅडमिट नाही, घरी गोळ्या खातोय. मी बँकेत आहे, पत्रं लिहायची सवय आहे. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने २०१९ मध्ये ज्या आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळता येणार नाही अशी यादी काढली त्यात ओरल केमोथेरपी आहे. ते दाखवलं तर उत्तर आलं की ही केमोथेरपी नाही, टार्गेटेड थेरपी आहे. मग मॅडमचं पत्र, टीपी५३ चा रिपोर्ट, या पेशंटला इंजेक्शनची केमो का देता येत नाही याचं एक पान, असं सगळं लावून तक्रार विभागाकडे पाठवलं. शेवटी मंजूर केलं, पण सब-लिमिट लावून, म्हणजे वर्षाच्या खर्चाचा एक भागच मिळतो. तरी मिळतो. तो सिक्वेन्सिंगचा रिपोर्ट नसता तर तेही मिळालं नसतं, समोरचा माणूस सरळ म्हणाला असता स्वस्तातली केमो घ्या.

आता पांढऱ्या पेशी ९ हजाराच्या आसपास, प्लीहा हाताला लागत नाही, अण्णा परत कुंड्यांत. न्यूमोनियाची आणि फ्लूची लस दिलीय, जिवंत विषाणूंच्या लसी द्यायच्या नाहीत हे फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. गोळी कधी ना कधी चालेनाशी होऊ शकते, बीटीकेमध्येच ४८१ व्या जागी बदल होऊन गोळी चिकटेनाशी होते तेव्हा. तसं झालं तर व्हेनेटोक्लॅक्स, म्हणजे त्या १३क्यू मुळे मोकाट सुटलेल्या बीसीएल२ वरचंच औषध, २० मिलिग्रॅमपासून पाच आठवड्यांत ४०० पर्यंत चढवत नेतात कारण पेशी एकदम मेल्या तर किडनीवर लोड येतो. त्याच्या आधी परत फिश, परत सिक्वेन्सिंग, दोन्ही. पुढची अपॉइंटमेंट दिवाळीनंतरची आहे, ईसीजी काढून आणायला सांगितलाय.